दर आठवड्याच्या शिफारशी: किती पाठवाव्यात आणि त्यांच्याबद्दल काय लिहावे?

टिपणवही (मूळ प्रश्न)

नमस्कार. गेली दोन वर्षे मी दर रविवारी सकाळी ओळखीच्या चाळीसेक जणांना ईमेलने एक पत्र पाठवते. आठवडाभरात इंटरनेटवर जे चांगले ऐकले, पाहिले, वाचले, त्यातल्या सात गोष्टी त्यात असतात: दोन गाणी किंवा वादने, एखाद्या संग्रहालयाने सर्वांसाठी खुले केलेले चित्र, एखादे व्याख्यान, दोन लेख आणि उरलेल्या जागी जे मनात घर करून राहिले असेल ते. प्रत्येकाखाली एक-दोन ओळी आणि दुवा. हे काम मला मनापासून आवडते. शनिवारी रात्री यादी जुळवत बसण्याचा जो तास असतो, त्याची मी सोमवारपासून वाट पाहत असते.

मागच्या महिन्यात एक जवळची मैत्रीण भेटली. बोलता बोलता ती म्हणाली, "तुझी सगळी पत्रे मी वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवली आहेत. एकदा सवड काढून सगळे नीट बघणार आहे." तिच्या बोलण्यात आपुलकीच होती, पण त्याचा अर्थ लक्षात यायला मला वेळ लागला नाही. दोन वर्षांत तिने एकही दुवा उघडलेला नव्हता.

घरी येऊन मी शेवटची बारा पत्रे काढून वाचली. त्यांत 'अप्रतिम' हा शब्द १९ वेळा आला होता, 'नक्की ऐका' ११ वेळा आणि 'विचार करायला लावणारे' ९ वेळा. बारा पत्रांतल्या ८४ गोष्टींपैकी निम्म्यांबद्दल मला स्वतःलाच काही आठवेना. एका सारंगीवादनाखाली मी लिहिले होते, 'शांत संध्याकाळी ऐकावे असे.' ते पुन्हा लावले तेव्हा कळले, की पहिल्या वेळी दुसरे काम करता करता मी त्याची जेमतेम चार मिनिटे ऐकली होती. वादन चाळीस मिनिटांचे आहे आणि त्याचा गाभा पंचविसाव्या मिनिटानंतर उलगडतो. जे मी ऐकलेच नव्हते, ते ऐका म्हणून मी चाळीस माणसांना सांगितले होते, आणि ही गोष्ट मला अजून टोचते आहे.

म्हणून ज्यांना या विषयात रस आहे, त्यांना विचारते. एका वेळी किती गोष्टी पाठवाव्यात? प्रत्येकीबद्दल किती लिहावे? एखादा आठवडा कोरडा गेला तर पत्र पाठवावे की थांबावे? आणि हल्ली गाण्यांची ॲप्स स्वतःच दर आठवड्याला प्रत्येकाची वेगळी यादी करून देतात, तेव्हा माणसाने हाताने केलेल्या यादीचे प्रयोजन काय उरते? हा शेवटचा प्रश्न मी खचून विचारत नाही, मला त्याचे खरे उत्तर हवे आहे.

अनुनाद

तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या सारंगीवादनातच आहे. गाभा पंचविसाव्या मिनिटानंतर आहे, हे तुम्हाला आता ठाऊक झाले. ते एक वाक्य पत्रात असते, तर तुमच्या मैत्रिणीने बहुधा तो दुवा त्याच सकाळी उघडला असता. शिफारस हातात पडलेल्या माणसाला ती गोष्ट चांगली असेल याची शंका नसते, कारण तुमच्यावर त्याचा विश्वास असतोच. त्याची अडचण एवढीच असते, की आत शिरायचे कुठून हे त्याला कळत नाही आणि 'अप्रतिम' हा शब्द त्याला त्या बाबतीत काहीच सांगत नाही.

माझा एक अनुभव सविस्तर सांगतो. काही वर्षांपूर्वी 'गौहर जान यांची दुर्मीळ ध्वनिमुद्रिका' एवढेच लिहून मी मित्रांना या जुन्या काळच्या गायिकेच्या गाण्याचा एक दुवा पाठवला होता. कुणीही दहा-पंधरा सेकंदांपलीकडे ऐकले नाही. त्यांना दोष देता येणार नाही, कारण शंभर वर्षांहून जुन्या तबकडीतून आधी येते ती खरखर, आणि त्या खरखरीमागून दूरच्या खोलीतून आल्यासारखा एक उंच, पातळ आवाज. कान सरावलेले नसतील तर त्यात गाणे शोधावे लागते.

वर्षभराने तीच तबकडी मी पुन्हा पाठवली, पण या वेळी सोबत असे लिहिले. ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्यात आले आणि त्या नोव्हेंबरात त्यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, विद्युत ध्वनिमुद्रण सुरू व्हायला १९२५ साल उजाडले. गाणाऱ्याला एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी चेहरा नेऊन मोठ्याने गावे लागे, त्या आवाजाने कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाचा पडदा थरथरे आणि पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरत जाई. आवाजातला सगळा भरीवपणा त्या रेघेत उतरत नसे, म्हणून तो असा पातळ ऐकू येतो. तबकडीवर जागा सुमारे तीन मिनिटांची. मैफलीत ऐसपैस फुलणारी चीज एवढ्या जागेत बसवायची, तर आलापाला वाव जवळजवळ नाहीच, म्हणून पहिल्या क्षणापासून बंदिशीला हात घातलेला दिसतो आणि ताना एकीवर एक येतात. एवढे ध्यानात ठेवून ऐका आणि शेवटच्या पाच-सात सेकंदांना कान टवकारा. गाणे संपते न संपते तोच गौहर जान स्वतः खणखणीत आवाजात इंग्रजीतून सांगतात, 'माय नेम इज गौहर जान.' मुद्रित झालेल्या मूळ तबकड्या छापण्यासाठी जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात असत. तिथल्या कारागिरांना गाणारे कोण हे कळावे, म्हणून ही घोषणा करण्याची रीत पडली, असे तिचे कारण सांगितले जाते.

या वेळी बहुतेकांनी तबकडी शेवटपर्यंत ऐकली. दोघांनी तशाच आणखी तबकड्या मागितल्या आणि एकाने विचारले, की तीन मिनिटांच्या त्या मर्यादेमुळे पुढच्या गाणाऱ्यांची गायकी बदलली का. तबकडी तीच, आवाजही तोच. बदलले होते ते एवढेच, की या वेळी ऐकणाऱ्याला काय ऐकायचे ते आधी कळले होते.

त्यामुळे 'किती लिहावे' याचे मी ओळींत माप ठेवत नाही. कुठून सुरुवात करावी, कशाकडे लक्ष द्यावे आणि किती वेळ मोकळा ठेवावा, हे तिन्ही सांगून झाले की थांबतो. वेळ सांगण्याचे महत्त्व मला फार उशिरा कळले. 'साडेतीन मिनिटे' एवढे दोन शब्द वाचून माणूस चहाच्या सुट्टीत दुवा उघडतो, आणि 'पन्नास मिनिटे, पण पहिली बारा ऐकलीत तरी पुरे' असे लिहिले तर तो पन्नासही ऐकतो. विशेषणांशी माझे वैर नाही, मात्र ज्या विशेषणाच्या जागी एखादी खूण सांगता येते, तिथे खूण सांगावी. 'सुरेल' असे लिहिण्याऐवजी 'दुसऱ्या मिनिटाला निषादावर थांबतात तिथे ऐका' असे लिहिता आले, तर आपण ते खरोखर ऐकले आहे याची आपल्यालाही खात्री पटते.

सात गोष्टी मला जास्त वाटतात. मी तीन पाठवतो.

नेमस्त

अनुनाद यांच्याशी मी सहमत आहे, संख्येचा मुद्दा सोडून. मी एका बारा जणांच्या गटाला पाच वर्षे दर शुक्रवारी पाच गोष्टी पाठवत आलो आहे, आणि पाच हा आकडा ठरलेला असल्यामुळेच मी एरवी ज्या वाटेला गेलो नसतो तिकडे जातो. पहिल्या तीन गोष्टी माझ्या आवडीच्या वर्तुळातल्याच असतात. चौथी आणि पाचवी शोधताना मला त्या वर्तुळाबाहेर पडावे लागते. नकाशांचे संग्रह, विणकामाच्या नमुन्यांची जुनी पुस्तके, पक्ष्यांच्या आवाजांची ध्वनिमुद्रणे हे सारे मला केवळ तो आकडा भरायचा होता म्हणून सापडले, आणि आज त्यातल्या दोन विषयांचे मला वेड आहे.

कोरड्या आठवड्याची भीती वाटत असेल, तर एक साधी सवय सांगतो. या आठवड्यात सापडलेली गोष्ट याच आठवड्यात पाठवायची नाही. ती वहीत लिहून तीन आठवडे मुरू द्यायची. तीन आठवड्यांनी नुसते नाव वाचून ती डोळ्यांपुढे उभी राहिली, तर पाठवायची, नाहीतर काट मारायची. माझ्या वहीत निम्म्याहून अधिक नोंदींवर काट आहे. उरलेल्यांची शिल्लक नेहमी पुढच्या दोन पत्रांना पुरेल इतकी असते, त्यामुळे वार चुकत नाही. वार चुकू देऊ नये, असे मला कळकळीने वाटते. शुक्रवारी संध्याकाळी माझे पत्र येणार हे गृहीत धरणारी बारा माणसे आहेत, आणि तो विश्वास एखाद्या उत्तम दुव्यापेक्षाही मला मोलाचा आहे.

मागोवा

संगीताबद्दल वर उत्तम लिहिले गेले आहे, म्हणून मी लेख आणि विचार यांच्याबद्दलच लिहितो. त्यांची शिफारस करणे मला अधिक अवघड वाटते.

या सगळ्या व्यवहाराचे मूळ शोधत गेल्यास एक जुना लेख हाती लागतो, आणि तो आजही इंटरनेटवर वाचता येतो. १९४५च्या जुलैमध्ये 'द अटलांटिक' मासिकात व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन अभियंत्याने 'ॲज वी मे थिंक' या शीर्षकाचा निबंध लिहिला. ज्ञान इतके साचले आहे, की हवे ते हाताशी येणेच कठीण झाले आहे, ही त्यांची चिंता होती. त्यावर उपाय म्हणून त्यांनी मेजाएवढ्या एका काल्पनिक यंत्राचे वर्णन केले आणि त्याला 'मेमेक्स' असे नाव दिले. माणसाची पुस्तके, टिपणे, पत्रव्यवहार हे सारे त्यात मायक्रोफिल्मवर, म्हणजे पानांची अगदी बारीक छायाचित्रे घेतलेल्या फिल्मवर, साठवलेले असेल आणि मुख्य म्हणजे एका पानाचा दुसऱ्या पानाशी कायमचा सांधा जोडता येईल. असे सांधे जोडत गेले की पानापानांतून एक माग तयार होतो.

त्यांनी दिलेले उदाहरण मला फार प्रिय आहे. धर्मयुद्धांच्या (क्रुसेड्सच्या) काळातल्या चकमकींत तुर्कांचे आखूड धनुष्य इंग्रजांच्या लांब धनुष्यापेक्षा सरस का ठरले असावे, याचा एक माणूस शोध घेतो आहे. तो विश्वकोशातला एक लेख काढतो, त्याला एका इतिहासग्रंथातला उतारा जोडतो. पुढे धनुष्यासाठी उपलब्ध असलेल्या साहित्याची लवचीकता महत्त्वाची होती असे लक्षात आल्यावर त्या विषयाची पाठ्यपुस्तके आणि कोष्टके जोडतो, आणि मध्ये स्वतःच्या हस्ताक्षरातले एक पानही घालतो. काही वर्षांनी तो एका मित्राशी बोलत असतो. नवी गोष्ट उपयोगाची असली तरी लोक तिला कसा विरोध करतात, असा विषय निघतो. तेव्हा त्याला तो माग आठवतो, तो यंत्रातून काढतो, त्याची प्रत करतो आणि मित्राच्या मेमेक्समध्ये घालण्यासाठी देतो.

यातल्या दोन गोष्टींकडे लक्ष वेधतो. पहिली म्हणजे, तो मित्राला एक पान देत नाही. एकापुढे एक जोडलेली पाने आणि त्यांच्यात स्वतःचे विचार मांडलेले पान, असा सबंध माग देतो. तुमच्या सात गोष्टी सात दिशांच्या असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला सात वेळा नव्याने सुरुवात करावी लागते. अधूनमधून एखादे पत्र असे करून पाहा, की पहिला लेख वाचल्यावर मनात जो प्रश्न उठेल त्याचे उत्तर दुसऱ्या दुव्यात असेल आणि तिसरा दुवा त्या उत्तराला आव्हान देईल. तीन दुव्यांचा असा माग जुळवायला मला महिना-दीड महिना लागतो, पण ज्यांनी तो चालून पाहिला त्यांच्याशी नंतर होणारी चर्चा वेगळ्याच पातळीवर होते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. तो माग त्या मित्राला दिला गेला, कारण त्या दोघांत त्या वेळी तो विषय निघाला होता. शिफारशीला निमित्त होते. चाळीस माणसांना एकच पत्र पाठवताना हे निमित्त हरवते. म्हणून पत्र लिहिताना मी एका वेळी एकच माणूस डोळ्यांपुढे ठेवतो. हा लेख अमुक व्यक्तीला का वाचावासा वाटेल, हे स्वतःला सांगता आले तर तो पत्रात जातो. बाकीच्यांना ते नाव कळत नाही, पण वाक्ये कुणाला तरी उद्देशून लिहिली गेली आहेत हे त्यांना जाणवते.

आणि लेखाबद्दल काय लिहावे, तर लेखकाचे म्हणणे माझ्या शब्दांत एका वाक्यात लिहावे आणि ते मला कुठे पटत नाही, हे दुसऱ्या वाक्यात. पहिले वाक्य जमत नसेल तर मी लेख नीट वाचलेला नाही. दुसरे जमत नसेल तर वाचला आहे, पण त्यावर विचार केलेला नाही. म्हणणे आधीच सांगून टाकले तर लोक लेख कशाला वाचतील, अशी शंका मला पूर्वी वाटे. अनुभव उलट आला. मतभेदाची जागा दाखवली की लोक ती स्वतः तपासायला जातात.

टिपणवही

सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतले आहेत.

काल रात्री मी त्या ८४ गोष्टी पुन्हा घेऊन बसले आणि अनुनाद यांचे तीन प्रश्न प्रत्येकीला विचारले: सुरुवात कुठून, लक्ष कशाकडे, वेळ किती. न अडखळता उत्तर देता आले अशा गोष्टी २३ निघाल्या. सुरुवातीला वाईट वाटले. मग त्या २३ची यादी वाचताना लक्षात आले, की त्यातली प्रत्येक गोष्ट मी दुसऱ्यांदा ऐकली किंवा वाचली होती. एकदाच पाहिलेली एकही त्यात नव्हती.

मैत्रिणीला मी या आठवड्यात एकच दुवा पाठवला, तो त्याच सारंगीवादनाचा. सोबत लिहिले, 'पंचविसाव्या मिनिटापासून लाव. तिथवर सारंगी गळ्यासारखी गात असते. तिथे तबला येतो आणि लयीशी तिचा खेळ सुरू होतो.' तिने एकतिसाव्या मिनिटापर्यंत ऐकले, मग कामाचा फोन आला. पण "उरलेले आज रात्री ऐकते" असे तिने स्वतःहून कळवले.

ॲपच्या यादीबद्दलचा प्रश्न मात्र अजून अनुत्तरित आहे.

जुनीपाने

तुमच्या मैत्रिणीच्या फोल्डरविषयी एक काळजीची गोष्ट सांगायला हवी. 'कधीतरी सवडीने' उघडायला ठेवलेले दुवे तोवर जिवंत राहतीलच असे नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले, की २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. शिफारशींची जुनी पत्रे चाळताना याचा फार त्रास होतो. कुणीतरी आवर्जून लिहिलेले असते, 'हे ऐकल्याशिवाय झोपू नका', आणि दुवा दाबावा तर समोर कोरे पान येते. काय ऐकायचे होते त्याचे नावसुद्धा दिलेले नसते.

म्हणून माझा आग्रह असा, की दुव्याशेजारी कलाकृतीचे नाव, कर्ता, साल आणि ती ज्या संग्रहात आहे त्या संस्थेचे नाव अक्षरांत लिहावे. दुवा मेला तरी त्या चार गोष्टींवरून वस्तू पुन्हा शोधता येते. त्याचबरोबर ते पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून ठेवावे. १९९६ साली स्थापन झालेल्या या संस्थेने जुन्या वेबपानांचा आपला साठा २००१ साली वेबॅक मशीनच्या रूपाने सर्वांना खुला केला, आणि कुणालाही तिथे पत्ता टाकून पानाची प्रत साठवता येते. मिनिटभराचे काम आहे.

शक्य असेल तेव्हा मूळ संस्थेचाच दुवा द्यावा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७च्या फेब्रुवारीत आपल्याकडील हक्कमुक्त कलाकृतींची लाखो छायाचित्रे कोणत्याही कामासाठी वापरायला मोकळी केली. तिथल्या पानावर चित्राचे माध्यम, मोजमाप, काळ आणि ते संग्रहात कसे आले याची नोंद असते. तेच चित्र तिसऱ्या-चौथ्या हाताने फिरत आले, की कडा कापलेल्या असतात, रंग गडद केलेले असतात आणि चित्रकाराचे नाव गळून पडलेले असते. जुन्या ध्वनिमुद्रणांचेही तसेच. अमेरिकेत १९२३पूर्वीच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांवरील हक्क १ जानेवारी २०२२ रोजी संपले, आणि त्या काळातल्या कितीतरी तबकड्या आज अभिलेखागारांच्या संकेतस्थळांवर तपशिलासह ऐकता येतात. तपशील नसलेली नक्कल पाठवण्याचे कारण उरलेले नाही.

आणि ती गोष्ट आपल्याला कुणामुळे सापडली, तेही लिहावे.

अनुनाद

टिपणवही, ॲपच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहून गेले, ते आता देतो.

स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपने २०१५च्या जुलैमध्ये दर सोमवारी तीस गाण्यांची यादी द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून असा आठवडी रतीब लोकांच्या सवयीचा झाला. त्यामागची मुख्य कल्पना समजून घेण्यासारखी आहे. लाखो लोक आपापल्या आवडीच्या याद्या बनवतात. तुम्ही ऐकता ती गाणी ज्यांच्या याद्यांत आहेत, त्यांच्याच याद्यांत आणखी कोणती गाणी वारंवार शेजारी आढळतात आणि त्यातली तुम्ही अजून कोणती ऐकलेली नाहीत, हे यंत्र शोधून काढते. म्हणजे तिथेही मुळात माणसांनीच केलेल्या याद्यांचा आधार आहे. मी ती यादी नियमित ऐकतो आणि तिच्यामुळे मला काही उत्तम गायक कळले, हे कृतज्ञतेने नोंदवतो.

पण या पद्धतीच्या दोन मर्यादा तिच्या रचनेतूनच येतात. जे फार थोड्यांनी ऐकले आहे त्याला शेजारीच नसतात, त्यामुळे ते यादीत वर येणे कठीण. गौहर जान यांची तबकडी तुमच्या सोमवारच्या यादीत येण्याचा संभव किती, याचा विचार करा. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. दोन गाणी शेजारी का येतात याचे कारण यंत्राकडे सांगण्याजोगे नसते, आणि हॅनोव्हरच्या कारागिरांची हकिगत कुणाच्याही यादीतल्या शेजारावरून निघत नाही. तुमच्या पत्राचे प्रयोजन त्या कारणात आहे. शोधायला यंत्राची मदत जरूर घ्या. पाठवायचे मात्र तेच, ज्याचे कारण तुमच्याकडे आहे.

नेमस्त यांची तीन आठवड्यांची वही मी आजपासून सुरू करतो आहे.

टिपणवही

येत्या रविवारच्या पत्रात तीनच गोष्टी असतील. वार चुकणार नाही. त्यातली पहिली नोंद लिहून झाली आहे, ती इथे ठेवते. काही कमी-जास्त वाटल्यास रविवारच्या आत सांगावे.

'केसरबाई केरकर, राग भैरवी, "जात कहाँ हो". साडेतीन मिनिटे. १९७७ साली व्हॉयेजर या अमेरिकन अंतराळयानांबरोबर पृथ्वीवरील आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवली गेली, तिच्यावर जगभरच्या सत्तावीस संगीतरचना आहेत आणि ही त्यांतली पंचविसावी. तबकडीवरचे आवाज निवडणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या समितीला हे गाणे संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी सुचवले होते, म्हणजे ही एका माणसाने दुसऱ्यांना केलेली शिफारसच आहे. तबकडी कधी कुणाच्या हाती पडली तर ती वाजवायची कशी हे त्यांना कळावे, म्हणून यानात सुई ठेवली आहे आणि आवरणावर आकृत्या कोरल्या आहेत. व्हॉयेजर १ चे उड्डाण ५ सप्टेंबर १९७७ रोजी झाले आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेला केसरबाई गेल्या. ते यान २०१२ साली सूर्याकडून वाहणाऱ्या कणांच्या क्षेत्राबाहेर पडले. गाण्याचे शब्द एकट्या निघालेल्या स्त्रीला "कुठे चाललीस" असे विचारतात. पहिल्या वेळी शब्दांकडे लक्ष देऊ नका, आवाज मोकळ्या 'आ'कारात उघडतो तेवढाच ऐका. दुसऱ्या वेळी शब्द ऐका. हे गाणे मला एका मित्राने तीन वर्षांपूर्वी पाठवले होते आणि मी ते या महिन्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकले.'